बिनमनुकांची रोटी

सुरामीच्या हमरस्त्यावर आम्ही बायका
पांढरे झगे घालून हात हलवतो,
गाड्या थांबाव्यात म्हणून.
नाझुकी विकतो. लवंग, दालचिनी, मनुका घातलेली गोड रोटी,
तापल्या भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेली.
आईने हेच केलं. मीही.
कळा आल्या तेव्हा कमरेतून वाकून
मी जवळजवळ भट्टीतच होते.

पहिलं दूध त्याने फेस करून परत दिलं.
तिबिलिसीला नेताना नर्स म्हणाली, थेंबही पाजू नका.
डॉक्टर मझियाने पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं:
वरची अन्ननलिका इथे संपते, बंद गल्लीसारखी,
खालची जाऊन मिळाली आहे श्वासाच्या नळीला.
मधे दोन सेंटिमीटर काहीच नाही.

दोन मनुका शेजारी ठेवल्या की होतं एवढं अंतर.
मला वाटलं, एवढंच ना.

जोडलं त्यांनी. सहाव्या दिवशी जोड गळू लागला.
सगळी नळाचीच भाषा होती:
जोड, गळती, अरुंद, तुंबलंय.
माझा नवरा जेमाल नळदुरुस्ती करतो.
त्याला एकेक शब्द कळत होता,
म्हणूनच तो बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला.

गळती थांबली आपली आपण, अठरा दिवसांनी.
मग व्रण भरला,
आणि भरता भरता आवळला.
हे कुणी आधी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं मी.
भरणं म्हणजे बरं होणं, एवढंच माहीत होतं.

दर तीन आठवड्यांनी फुगा.
घशातून आत सोडायचा, फुगवायचा, वाट रुंद करायची.
फुगा म्हटलं की पोरं हसतात,
माझा ताटो भिंतीकडे तोंड करायचा.
पिठाच्या पोत्यांमागे खडूच्या रेघा आहेत,
चौदा. पंधरावी मी ओढली नाही,
पंधरावा फुगा झाला तरी.

शोकात घास उतरत नाही म्हणतात.
आमच्या घरी कुणी गेलं नव्हतं,
घास तरीही उतरत नव्हता.

आणि खोकला. भुंकल्यासारखा.
रात्री शेजारचा कुत्रा उत्तर द्यायचा त्याला.
बसमध्ये एका बाईने रुमाल धरला नाकाला.
लागण नाही हो, मी सांगायचे,
श्वासाची नळी मऊ राहिलीय त्याची, इतकंच.
मग सांगणं सोडलं. सीट बदलणं शिकले.

चार वर्षांचा असताना त्याने पोत्यातून एक मनुका चोरली.
एकच.
रडला नाही. छातीवर बोट ठेवून दाखवलं, इथे.
दोन तास गाडीत, मांडीवर भांडं,
स्वतःची थुंकीही गिळता येईना त्याला.
डॉक्टरांनी काढून छोट्या बाटलीत दिली,
फुगलेली, अख्खी.
ती मी ठेवली नाही.
खोटं बोलतेय. ठेवली आहे.

तेव्हापासून प्रत्येक घाण्यात एक रोटी बिनमनुकांची.
मनुका असायच्या तिथे मी बोटाने खळगे पाडते,
आणि तो ते खळगे आधी खातो.

आता आठ वर्षांचा आहे. सोमवारी पुन्हा तपासणी.
काल माझ्या भाचीच्या लग्नात लांबलचक टेबलाशी बसला,
तुकडा तोंडात, चाळीस वेळा चावणं,
पाण्याचा घोट, थांबणं, परत घोट.
शाळेत सगळ्यांची ताटं उचलली जातात तरी हा खात असतो.
पण आमच्याकडे लग्नात ओतारमामा बोलायला उभा राहतो,
आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत
कुणी पेला ओठाला लावत नाही.
देशासाठी बोलला, आयांसाठी बोलला,
मेलेल्यांसाठी, नावं घेऊन घेऊन.
शेवटच्या वाक्याशी आला आणि
त्याची नजर ताटोच्या हलत्या गालावर गेली.

पेला तसाच हातात धरून
ओतारमामाने घसा खाकरला,
आणि मेलेल्यांपासून पुन्हा सुरुवात केली.